दोनशे चौदा नंबरची पिशवी

१

सकाळी साडेसातला प्रभूने काचेच्या पट्टीवर दोन थेंब एकत्र केले. एक सुनिताच्या रक्तावर तरंगलेल्या पिवळसर पाण्याचा, दुसरा पिशवीतल्या लाल रक्ताचा. पट्टी डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. जुळलेलं रक्त अशा वेळी काही करत नाही. शहाण्या व्याह्यासारखं गप्प बसतं.

हे गप्प बसलं नाही. आधी बारीक रवा दिसला, मग गुठळ्या झाल्या आणि अर्ध्या मिनिटात सगळं नासलेल्या दुधासारखं फुटलं.

प्रभूने चष्मा पुसला. नवी पट्टी घेतली, नवे थेंब टाकले. पुन्हा तेच.

हीच पिशवी काल सकाळी जुळली होती. जुळवणारा तोच होता, आणि 'सुनिता चव्हाण, उद्या अकरा वाजता' अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधणाराही तोच. रक्त एका रात्रीत मत बदलत नाही. ती सवय माणसांची.

त्याने पिशवी उलटी केली. चिठ्ठीवर अक्षर त्याचंच होतं. पिशवीवरचा छापील नंबर मात्र २१७. असायला हवा होता २१४.

म्हणजे चिठ्ठी आपल्या पायांनी एका पिशवीवरून दुसरीवर गेली होती, किंवा कुणीतरी नेली होती. साडेतीन तासांनी हे रक्त शेजारच्या दवाखान्यात सुनिताच्या शिरेत उतरलं असतं, आणि पट्टीवर जे झालं ते तिच्या अंगात झालं असतं. तिथे चष्मा पुसून पुन्हा करून बघायची सोय नसते.

मागे फ्रीज गुरगुरत होता. तो नेहमीच गुरगुरायचा. आज पहिल्यांदाच तो काहीतरी लपवून गुरगुरतोय असं प्रभूला वाटलं.

"काका," तो म्हणाला, "कुणीतरी सुनिताला मारायला बघून राहिलंय."

काकांनी बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. हे गंभीर होतं. बिस्किटं काका सहसा खाली ठेवत नसत.

२

काका म्हणजे शेषराव. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. हिंगोली आगारात त्यांना अजूनही 'चेकर आले' एवढंच म्हणायचे आणि कंडक्टर लोक उगाच आपापले खिसे चाचपायचे. शेषरावांनी आयुष्यात एक्केचाळीस वेळा रक्त दिलं. साठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ते बेचाळिसाव्यांदा आले, तेव्हा प्रभूने नियम दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत हजर. "रक्त घेत न्हाई तर चहा तरी देऊ दे लोकाला." तेव्हापासून रक्तपेढीत चहा-बिस्किटाचं खातं त्यांच्याकडे होतं. पगार नव्हता, पण अधिकार भरपूर होते.

त्यांनी ओट्यावर बसून चष्मा डोक्यावर सरकवला. "मला पहिल्यापासून सांग. मी बिगरतिकीट हाय असं समज."

प्रभूने सांगितलं. सुनिता चव्हाण, वय वीस, सेनगावकडच्या तांड्यावरची, बारावी पास. पोटात नारळाएवढी गाठ. डॉक्टरीणबाईंनी अट घातली होती, दोन पिशव्या रक्त टेबलाशेजारी दिसल्याशिवाय सुरी उचलणार नाही. साधी अट. पण सुनिताचं रक्त साधं नव्हतं. तपासलं की ओ दिसायचं, आणि कुठल्याही ओ रक्ताशी मिसळलं की फुटायचं. नमुना बाहेर पाठवला. उत्तर आलं, हा मुंबई गट. दहा हजारांत एखाद्याचा. याला फक्त याच गटाचं रक्त चालतं. बाकी सगळं विष.

"मुंबईचं रक्त सेनगावात?"

"पहिल्यांदा सापडलं मुंबईत, म्हणून नाव. आपल्या भागातही असते एखाद्याचं. त्याला माहीत नसते इतकंच."

"मंग दोन पिशव्या आणल्या कुठून?"

"एक तिचीच. पंधरा दिवस आधी तिचंच रक्त काढून तिच्यासाठीच ठेवलं."

शेषराव थांबले. "आपलं आपल्यालाच?"

"चालते की. देणारा बी तोच, घेणारा बी तोच. सगळ्यात बिनधोक दान ते."

"दान कसलं मंग? ते तर बँकेतलं खातं झालं." शेषरावांनी बोटं मोजायला घेतली. "म्हंजे मी द्यायचो ते एक. मनानं. तिकीट काढून आपणहून बसलेला पाशिंजर. दुसरं बदलीचं, पेशंटला एक पिशवी दिली की त्याच्या माणसानं एक भरायची, बदली कंडक्टर. तिसरं आपला शिपाई हरिचंद पूर्वी द्यायचा ते, इकतचं."

"ते अठ्ठ्याण्णवपासून बंद आहे."

"चौथं हे आपलं आपल्याला. अन् ते मशीनचं रे?"

"ते मोठ्या गावात. मशीन रक्तातलं पाहिजे तेवढं काढून घेते, बाकीचं परत अंगात सोडते. आपल्याकडे पिशवी म्हणजे सगळंच एकत्र."

"अन् दोनशे चौदा?"

"ते नाव घालून दिलेलं. अमक्याचं रक्त अमक्यालाच." प्रभूचा आवाज उतरला. "या गटाच्या लोकांची यादी मागवली होती. तीन नावं आली. एक दुबईला गेलेला. एक वारलेला. तिसरा विकास राठोड."

"हा कोण?"

"शिक्षणसेवक आहे. यादी येण्याच्या आठ दिवस आधी तो सुनिताला बघायला आला होता. पोहे झाले होते. पसंती झाली होती."

शेषरावांनी बिस्किटाचा पुडा गोल फिरवला. मग म्हणाले, "देव बी कधी कधी टाइमटेबल बघूनच गाडी सोडते."

"काका, दोनशे चौदा फ्रीजमध्ये नाही. ओच्या कप्प्यात बघितलं, सगळीकडे बघितलं. आणि विकास तीन महिने परत देऊ शकत नाही. ती सापडली नाही तर ऑपरेशन नाही. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीला पीळ पडायला लागलाय. पूर्ण पडला तर..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. फ्रीजने केलं.

३

रक्तपेढीत फ्रीजला कुलूप होतं. किल्ली हरवू नये म्हणून ती फ्रीजच्याच दांडीला दोरीने बांधलेली होती. त्यामुळे संशयितांची यादी बरीच लांब होत होती. शेषरावांनी ती आखूड केली. काल सकाळी पिशवी जुळली, आज सकाळी बदललेली निघाली. मधल्या वेळात आतल्या खोलीत कोण कोण गेलं?

"मी," प्रभू म्हणाला. "हरिचंद. दुपारी रतनसिंग नायक आत घुसले होते. आणि सुनिता, तीन वाजता, शेवटचं सॅम्पल द्यायला. तिला चक्कर आली म्हणून पंधरा मिनिटं खाटेवर निजवली."

"ती तर जिचं पाकीट गेलं ती. तिचं सोड."

हे बोलून शेषराव स्वतःशीच अडखळले. एसटीत असताना त्यांचा एक नेम होता. गाडीत कुणाचं पाकीट गेलं, की ते आधी ज्याचं गेलं त्याचेच मोजे बघायचे. तीस वर्षांत दोनदा पाकीट तिथेच निघालं होतं. पण मरणाची गोष्ट वेगळी. मरण कुणी आपल्याच मोज्यात ठेवत नाही.

हरिचंद रक्तपेढीचा शिपाई. हातावर जुन्या सुयांच्या इतक्या खुणा, की ते बघून नवे रक्तदाते दारातूनच परत जात. कायदा होण्याआधी तो दर पंधरवड्याला रक्त विकायचा, आज परभणी, पुढं नांदेड, दर गावात नवं नाव. कायद्याने त्याला निवृत्त केलं. पेन्शन मिळाली नाही, याचं त्याला अजून वाईट वाटायचं.

"हरिचंद, डोळ्यात बघ."

हरिचंदने खिडकीबाहेर बघितलं. बिनतिकीट माणूस नेहमी खिडकीबाहेर बघतो.

"चेकरसाहेब, म्या न्हाई मारलं कुणाला."

"मारलं असं मी कुठं म्हणलं? काय केलं तेवढं सांग."

"काहीच न्हाई. आईची आण." आणि तो नसलेली धूळ पुसायला लागला.

रतनसिंग नायक बाहेर कडुनिंबाखाली उभे होते. विकासचे चुलते, राठोडांच्या तांड्याचे नायक, पांढरा फेटा, आवाज वरच्या पट्टीतला. त्यांच्या मेव्हण्याची एक मुलगी होती आणि विकाससाठी त्यांच्या मनात तीच होती, हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

"काल आत काहून गेलते, नायक?"

"बघाया गेलतो. राठोडाचं रक्त कुठं ठिवलंय ते. माझ्या घरचं रक्त हाय, मला बघायचा हक न्हाई का?"

"मंग बघितलं?"

"बघितलं. अन् सांगून आलो." नायकांनी काठी जमिनीवर टेकवली. "हे रक्त त्या पोरीच्या अंगात गेलं की ती राठोड झाली. राठोडाची पोरगी राठोडाला देत न्हाईत. एका रक्ताचे म्हंजे बहीण-भाऊ. आठ दिस झाले, पंचात बोललो मी. आज अकराला रक्त चढलं की बाराला सोयरीक मोडली. लिहून घ्या."

एवढं बोलून ते हसले. कडुनिंबावर एक कावळा होता, तो उडून गेला. 

"काका," आत आल्यावर तो कुजबुजला, "हाच आहे. याला लग्न मोडायचं आहे."

"व्हय," शेषराव म्हणाले. "म्हणूनच हा न्हाई."

४

"इचार कर," शेषरावांनी बशीत चहा ओतला. "नायकाला सोयरीक मोडायची. दोनशे चौदा पोरीच्या अंगात गेली की सोयरीक मोडती, फुकटात, पंचाच्या तोंडानं. मंग तो ती पिशवी काहून बदलील? ही पिशवी बराबर ठिकाणी पोचावी असं वाटणारा सगळ्यात पक्का माणूस तोच."

"मग हरिचंद?"

"त्यानं काहीतरी केलंय. पण हे न्हाई. त्याला फक्त मारायचंच असतं तर कुठलीबी ओची पिशवी चालली असती. कप्प्यात किती होत्या?"

"काल बारा."

"बारातली हीच काहून? दोनशे सतरा कुणाची?"

प्रभूने वही उघडली. बोट फिरवलं. बोट थांबलं.

"दिपक चव्हाण. बदलीचं रक्त. विकासने दिलं त्याच दिवशी." त्याने वर बघितलं. "सुनिताचा सख्खा भाऊ."

चहा बशीतच राहिला.

भावाचं रक्त. ज्याने चिठ्ठी हलवली, त्याने अंधारात हात घातला नव्हता. निवडून काढलं होतं. बारा पिशव्यांतून नंबर बघत, नेमकं भावाचं. खुनी माणूस इतका नातं बघून खून करत नाही.

"चिठ्ठी दाखव."

शेषरावांनी दोरा उजेडात धरला. "ही गाठ तुझी?"

प्रभूची गाठ म्हणजे दोन फेरे आणि लोंबणारी शेपटी. ही गाठ मुगाच्या दाण्याएवढी होती, चपटी, आणि दोऱ्याचं टोक तिच्याच पोटात लपवलेलं. कात्री लागली नव्हती. दाताने तोडलं होतं.

"नाही," प्रभू म्हणाला. "मला अशी येत नाही."

"मला बी येत न्हाई. नायकाला तर धोतराची बी धड येत न्हाई." शेषराव उठले. "चल. दवाखान्यात कुणाच्या अंगावर भरतकाम हाय ते बघू."

५

दवाखान्याच्या ओसरीत मिराबाई बसली होती. सुनिताची आई, तिची याडी. ओढणीवर आरशांची रांग, बाहीवर कवड्या, आणि मांडीवर अर्धवट भरलेलं एक कापड. दुसऱ्या टोकाला विकास उभा होता, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, चेहरा परीक्षेतल्या मुलाचा.

शेषरावांनी कापड उचललं, उलटं केलं. मागच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढ्या चपट्या गाठी. एकीचंही टोक दिसत नव्हतं.

"बाई, तुमी काल रक्तपेढीत आत आल्या होत्या?"

"म्या?" मिराबाईने पदर तोंडावर घेतला. "पोरीनं पंधरा दिसाखाली रक्त दिलं तवा दारातनं एक डाव बघितलं, अन् थेट पायरीवर पडले. ही खोक बघा. तवापासून त्या दारात पाय न्हाई ठिवला."

प्रभूने मान हलवली. खरं होतं. खोकेवर टाका त्यानेच घालून आणला होता.

"पिशवीचे नंबर वाचता येतात तुमाला?"

"मला एसटीची पाटी बी वाचता येत न्हाई. ड्रायव्हरचं तोंड बघून गाडीत बसते मी."

शेषरावांना हे मनापासून पटलं. मग ते विकासकडे वळले.

"मास्तर, तुमाला हे लगीन पाहिजे?"

विकास लाजला. एवढ्या भयंकर सकाळी कुणी लाजेल असं वाटलं नव्हतं. "पाहिजे."

"मंग नायकाचं बोलणं ऐकून पिशवी बदलावी असं न्हाई वाटलं?"

"बदलून काय लावणार?" विकासने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "मला माझा गट माहीत आहे, काका. तीन वर्षं हे पत्र घेऊन फिरतोय. आम्हाला साधं ओ रक्त म्हणजे विष. तिला मी सांगितलं पण होतं."

"काय म्हणली?"

"हसली. म्हणाली, मी कधी मुंबईला गेले नाही, माझं रक्त कसं गेलं?"

शेषराव जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. घड्याळात आठ पंचवीस झाले होते.

लग्न हवं असलेली माणसं तीन. त्यातल्या एकाला ते रक्त विष आहे हे माहीत होतं. एक उंबरा ओलांडत नव्हती. उरली तिसरी. जी काल तीन वाजता चक्कर आली म्हणून फ्रीजशेजारच्या खाटेवर पंधरा मिनिटं एकटी पडली होती. जी आईजवळ भरतकाम शिकली होती. जिच्याकडे भावाचं आणि होणाऱ्या नवऱ्याचं, दोघांचं रक्तदानाचं कार्ड प्रभूनेच दिलं होतं, नंबरासकट.

देणारा बी तोच, घेणारा बी तोच.

"प्रभू," शेषराव हळूच म्हणाले, "पाकीट मोज्यातच हाय रे."

६

सुनिता खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हिरवा गाऊन, हातावर गोंदण, उशाशी पाण्याचा रिकामा पेला. शेषराव स्टुलावर बसले. सवयीने खिशातलं बिस्किट पुढे केलं, मग तिचा उपास आहे हे आठवून परत ठेवलं.

"पोरी, नंबर दोनशे सतरा."

ती हलली नाही. भिंतीलाच म्हणाली, "भावाचं रक्त घेतलं तर काय बिघडते? तो आधीच भाऊ आहे."

तर्कशास्त्रात हे वाक्य पक्कं होतं.

"अन् मास्तराचं?"

"त्याचं घेतलं की मी त्याची बहीण." ती वळली. डोळे कोरडे होते. "नायकाचं बोलणं एकदा पंचात झालं की झालं. मी कुणाला सांगू? पोरीनं लग्नाचं तोंडानं बोलायचं असते का? ऑपरेशन नको म्हणलं असतं तर याडीनं उचलून आणलं असतं. मग मी चिठ्ठी बदलली. कुणाचं काही गेलं नाही."

तिने उशीखालून कॉलेजच्या शिबिरातलं कार्ड काढलं. त्यावर छापलं होतं, रक्तगट ओ. शिक्का, सही, सगळं. "हे बघा. सरकारी शिक्का आहे. दिपकचं बी ओ."

प्रभूने खिशातून काचेची पट्टी काढली. सकाळपासून ती त्याच्याकडेच होती. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली.

"शिबिरात एवढं बारीक तपासत नाहीत, ताई. हे तुझं पाणी आणि दिपकचं रक्त. अर्ध्या मिनिटात असं झालं."

सुनिताने पट्टी हातात घेतली. वाळलेल्या काळपट गुठळ्या काचेवर चिकटल्या होत्या. ती बघत राहिली. बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर खडखडत गेलं.

"हे माझ्या अंगात झालं असतं?"

"व्हय."

"दिपकच्या रक्तानं?"

"व्हय."

मिराबाई आत आली आणि काही न विचारता तिला धरून बसली.

"आता सांग," शेषराव म्हणाले, "दोनशे चौदा कुठं टाकली?"

"टाकली नाही!" सुनिताला हा शब्द लागला. "त्याचं रक्त टाकीन का मी? ओच्या कप्प्यात ठेवली. दुसऱ्या कुणाच्या कामी येईल म्हणून."

"कप्प्यात नाही," प्रभू म्हणाला. "आता आठच आहेत. वर ही सतरा नंबरची, म्हणजे नऊ. बारातल्या तीन..." तो थांबला. "नाही. तुझी चौदा नंबरची धरून तेरा होतात. चार गेल्या."

दारात हरिचंद उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही. तो खिडकीबाहेर बघत नव्हता.

"साहेब, काल सांजच्याला वारंगा फाट्याहून फोन आलता. ट्रक अन् जीप धडकले. म्या डब्यात बरफ घालून चार पिशव्या दिल्या. नंबर लिहायचे राहिले. वहीत नुसतं 'ओ, चार' लिहिलं. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई."

"डबा नेला कोणी?"

हरिचंदने जमिनीकडे बघितलं. काल संध्याकाळी सहाला थर्माकोलचा डबा सायकलला बांधून बसस्टँडवर कोणी नेला होता, आणि कंडक्टरला दम देऊन नांदेडच्या गाडीत कोणी ठेवला होता, हे शेषरावांना आत्ता आठवलं.

सकाळपासून ते जिला शोधत होते, ती पिशवी त्यांनी स्वतः गावाबाहेर पोचवली होती.

७

दवाखान्याचा फोन आठ चाळीसला लागला. पलीकडे फाट्यावरच्या छोट्या दवाखान्यातली सिस्टर होती.

"चार पिशव्या आल्या होत्या. दोन रात्री लावल्या. एक फ्रीजमध्ये आहे. एक आत्ता काढली, लावून राहिलो."

"कुणाला?" प्रभू ओरडला.

"जीपवाल्याला. ओ पॉझिटिव्ह."

पिशवीत नुसत्या लाल पेशी नव्हत्या, पाणीही होतं, आणि विकासच्या रक्तातलं पाणी साध्या ओ माणसाच्या रक्ताला शत्रू समजत होतं. आता एक नाही, दोन जीव टांगणीला लागले होते.

"लावू नका! नंबर बघा! नंबर!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग चपला. मग काहीच नाही. ओसरीत सगळे उभे होते, विकास, मिराबाई, हरिचंद, आणि कधीतरी येऊन दाराला टेकलेले रतनसिंग नायक. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं.

चपला परत आल्या.

"दोनशे चौदा. स्टँडला लटकवली, सुई जोडायची बाकी होती. पाच मिनिटं झाली असतील काढून."

"फ्रीजमध्ये परत ठेवा. आत्ता. जीपवाल्याला दुसरी लावा."

पाच मिनिटं. अर्धा तास झाला असता तर ती पिशवी कुणाच्याच कामाची नव्हती. शेषरावांनी रिसीव्हर घेतला. "बाई, नांदेड-हिंगोली गाडी नऊ दहाला फाट्यावर येती. बरफ घालून डबा कंडक्टरच्या मांडीवर द्या. मांडीवर. टपावर न्हाई. म्हणा, चेकरनं सांगितलं."

फोन ठेवून ते वळले, तर सुनिता दारात उभी होती, भिंतीला धरून.

"पण मी ते घेणार नाही," ती म्हणाली. "नायक इथंच आहेत. विचारा त्यांना."

नायकांनी काठी टेकवली. "रूढी म्हंजे रूढी. ते रक्त घेतलं की ती राठोड."

मिराबाईने पोरीचा दंड घट्ट धरला. शेषरावांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. आयुष्यात त्यांनी अनेक अडेल प्रवासी बघितले होते, आणि प्रत्येकाला त्यांनी तिकिटातच पकडलं होतं.

"प्रभू, दिलेलं रक्त माणसाच्या अंगात किती दिस जगते?"

"लाल पेशी? फार तर एकशे वीस दिवस. मग मरतात. शरीर नवं बनवते, आपलं आपलं."

"म्हंजे कायमचं न्हाई?"

"नाही."

"मंग हा तर पास झाला, नायक. चार महिन्याचा. मुदत हाय तवर पोरगी राठोड, कबूल. मुदत संपली की उतरली खाली. परत चव्हाण." शेषराव पुढे वाकले. "का तुमच्या तांड्यात संपलेल्या पासवर बसू देतात?"

नायक अडकले. त्यांनी पंचात फक्त रक्ताचं नाव घेतलं होतं. दुसरं कारण सांगायचं तर मेव्हण्याच्या मुलीचं सांगावं लागलं असतं, आणि पंचातल्या तीस माणसांसमोर ते बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"ज्येष्ठ," ते शेवटी नाइलाजाने म्हणाले. "ज्येष्ठात मुहूर्त बी चांगले हायेत."

गाडी दहा बावीसला आली. कंडक्टरने डब्याचं लगेजचं तिकीट फाडलं होतं. शेषरावांनी आधी ते तपासलं, मग डबा घेतला. प्रभूने पट्टीवर दोन थेंब टाकले. डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. 

रक्त गप्प बसलं.

८

ऑपरेशन नीट पार पडलं, आणि लग्न रक्त चढल्यापासून एकशे एकविसाव्या दिवशी लागलं. दिवस मोजायला प्रभू आणि शेषराव दोघेही कॅलेंडर घेऊन गेले होते. एक दिवस जास्तीचा शेषरावांनी धरला होता, गाडी लेट होते म्हणून. हरिचंदही आला. रक्तपेढीच्या फ्रीजची किल्ली आता त्याच्या गळ्यात होती आणि तो जेवतानाही ती काढत नव्हता.

जेवणं चालू असताना रतनसिंग नायकांना एक शंका आली. शंका त्यांना नेहमी भरल्या पंगतीत यायच्या.

"चेकर," ते हातातली पुरी थांबवून म्हणाले, "आता बाळंतपणात, एखाद्या अपघातात, हिला परत रक्त लागलं तर? देणारा तर हाच एक. मंग काय करायचं?"

पंगतीतले हात थांबले. वाढपीसुद्धा थांबले. आपलं आपल्यालाच आधी काढून ठेवता येतं, हे प्रभू सांगणार होता, पण त्याच्या तोंडात बुंदी होती.

"काय करायचं?" मिराबाई पलीकडून म्हणाली. "चार महिने म्हायेरी. आमची ना न्हाई."

नायकांनी विचार केला. "बराबर हाय," ते म्हणाले, आणि पुरी खाल्ली.

त्या दिवसापासून विकास मास्तर सुनिताला विळीला हात लावू देत नाही. शाळा सुटली की भाजी तोच चिरतो.